चांदीने धरलेला श्वास

माघातली सकाळ. उन्हाला अजून ऊब नाही, नुसता रंग आहे. हळदओले, केशरकोवळे ऊन सराफगल्लीच्या कौलांवरून ओघळते आणि दामूअण्णा पोतदारांच्या दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन थबकते. आत दुसरेच ऊन आहे: शेगडीतले, ताम्रवर्णी, गर्जणारे.

शेगडीसमोर केतकी बसली आहे. मांडीवर रेणू, अजून वर्षाचीही न झालेली. केतकीची नजर ज्वाळेवर नाही; ती लेकीच्या ओठांवर आहे. ती सदैव तिथेच असते. कारण रेणू रडता रडता श्वास धरते. हुंदका वर चढतो आणि वरच राहतो. गुलाबी ओठ जांभळे होतात, जांभळे निळे. आणि त्या निळ्या क्षणात केतकीचे सारे शिकणे, सारे वाचणे विझून जाते.

श्वास आपसूक परत येतो, वाढत्या वयात हे सुटते, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. तिने ऐकले. पटले मात्र नाही. म्हणून ती रडे फुटण्याआधीच खुडते: खुळखुळ्याने, गाण्याने, पदराच्या लपाछपीने. त्या घरात बाळ आहे, बाळाचे रडे नाही.

आज रेणूचे वाळे करायचे आहेत, जुने तोडे मोडून. आपली चांदी आपल्या डोळ्यांदेखत वितळावी, ही रीत. म्हणून सासूबाईही सोबत आल्या आहेत.

"दणकट आहेत हो, वहिनी," दामूअण्णा तोडे तळहातावर झेलत म्हणाले.

"माझ्या सासूबाईंचे ते," केतकीच्या सासूबाई म्हणाल्या. "त्या निघाल्या की गल्ली बाजूला व्हायची!"

तोडे मुशीत उतरले. आधी ते हटून बसले, पेडापेडांनी, नक्षीनक्षीने, कठीण, करारी. मग नक्षीला घाम फुटला. कडा आपले कडेपण विसरल्या. एक थेंब सुटला, त्यामागे दुसरा, आणि पाहता पाहता तोडे उरलेच नाहीत. उरला तळाशी एक थरथरता, तेजोजल चंद्र.

"आता जरा मागं सरा. पातळ झाली की चांदी हवा पिऊन बसते. गोठताना सोडते, आणि वर थुंकते."

"थुंकते? मग माझ्या सासूबाईच त्या, शंकाच नको!"

हसण्याचा लोट उठला आणि रेणू दचकली. खालचा ओठ थरथरला. केतकीचा हात खुळखुळ्याकडे धावला. खुळखुळा घरी राहिला होता. गाणे सुचेना.

एक अर्धा टाहो. आणि मग काहीच नाही.

दामूअण्णांनी ज्वाळा मालवली. दुकानभर शांतता पसरली, घनगर्भ, निळी. मुशीत चांदीने श्वास धरला होता. मांडीवर लेकीने. आणि दोघींच्या मध्ये, एका आईने.

"अण्णा, माझी पोर..."

"थांब गं बाई," सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर आला. "मी आहे. येईल."

चांदीच्या काठाकाठाने साय धरू लागली, दुधावर धरावी तशी. मध्ये अजून ओल होती, अजून लकाकी होती. मग ती सायही ताणली, फुगली, आणि फट्! एक रुपेरी कणी उसळली. चांदीने पोटातली हवा सोडली.

आणि रेणूने श्वास घेतला. केवढा! त्यामागून रडे आले, दांडगे, ओलेचिंब, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारे.

केतकीने ते खुडले नाही. लेकीचे रडे तिने प्रथमच शेवटपर्यंत ऐकले.

"गळा पणजीचाच," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

होळीला वाळे पायांत आले. आजही रेणू पडते, रडते, थांबते. वाळ्यांची घुंगरे मुकी होतात. केतकी लेकीला कुशीवर वळवते, पाठीवर हात ठेवते. वाट पाहते. साय धरणाऱ्या चांदीची पाहावी, तशी वाट पाहते.

मग आधी एक घुंगरू हलते.

मग श्वास.

मग रडे, रुपेरी, रुणझुणते, घरभर.