अठराच्या रेघेपलीकडे

मार्गशीर्षाची सकाळ होती; दवाने जडावलेली, धुक्याने धूसरलेली. यवतमाळच्या टेकड्यांमागून उन्हाची केशरी किनार उमटली आणि रुग्णालयाच्या तावदानांवरून हळूहळू खाली ओघळली. सारी सृष्टी त्या उजेडात हलकी झाली होती. जड होता तो एकटा हेमराज.

एकोणीस दिवसांची त्याची लेक. अकाली उमललेली, दोन महिने आधीच जगात आलेली. आज दुपारच्या वजनात अठराशे ग्रॅम भरली तर आईच्या कुशीत राहणार होती. नाही भरली तर पुन्हा काचपेटीत. काल सतराशे साठ भरली. परवाही सतराशे साठच.

हेमराज शाळेत विज्ञान शिकवी. एक दिवस माणूस पृथ्वीची ओढ उलटवील, ओझी तरंगतील, गाड्या मेघमंडळात फिरतील, असे तो रंगून सांगे आणि मुले डोळे विस्फारत. आज त्याला ते स्वप्न नकोसे झाले. त्याला ओढ हवी होती. दुप्पट, दसपट ओढ, त्या एका चिमुकल्या देहापुरती.

लेकीचे डोळे तपासायला पाचव्या मजल्यावर जायचे होते. लिफ्टचे दार मिटले आणि वैजयंतीने पिशवीतून झोळीचा काटा काढला. ती अंगणवाडी सेविका. दृष्टबिष्ट काही नसते, असे गावाला बजावत तिने शंभर बाळे याच काट्यावर तोलली होती. स्वतःच्या लेकीची वेळ आली, तेव्हा मात्र तिने हा आडोसा गाठला.

"धरा जी वर," काटा त्याच्या हाती देत ती म्हणाली. काटा शून्यावर आणून तिने लेकीला अलगद झोळीत ठेवले.

लिफ्ट निघाली. काटा थरथरला, सरसरला, अठराची रेघ ओलांडून एकोणिसाला भिडला.

"पाहा जी! अठराच्याबी वर!"

चढत्या लिफ्टचा रेटा आणि धरणीची ओढ, बंद डब्यात दोन्ही सारखीच. काट्याला त्यांतला भेद कळत नाही. हेमराजला कळत होता. पण एकोणीस दिवसांनी हसलेल्या त्या चेहऱ्याला तो सांगायचा कसा?

लिफ्टचा वेग एकसारखा झाला, तसा काटा मुकाट अठराच्या अलीकडे आला. मग लिफ्ट मंदावली आणि काटा घसरला. सतरा, सोळा, सोळाच्याही खाली. लेक हलकी झाली, हलकी होत चालली. हीच का ती उलटी ओढ? हेमराजने दोन्ही हात घट्ट आवळले. त्याला भीती वाटली, फार भीती वाटली.

लिफ्ट थांबली. काटा सतराच्या पुढे, अठराच्या जरासा अलीकडे स्थिरावला.

"वैजू, मघाचं ते..."

"ठावं हाय मले," ती हळूच म्हणाली. "लिफ्ट उचलते तवा माह्या गुडघ्यावरबी वझं येते. मले का समजत नाही का? एक डाव अठरा पाह्यचं होतं."

तिने लेकीला उचलून छातीशी धरले. दार उघडले.

"खाली जातानी, थांबतेवेळी पोरगी पुन्हा जड होईन ना जी?"

"होईल," तो म्हणाला.

ती तावदानांतून आलेल्या उन्हात पुढे निघाली. त्याच्या हातात रिकामी झोळी हलत राहिली, आणि काटा थरथरत राहिला. शून्यावर, शून्यावर, शून्यावर.