दहा पट्ट्यांची काठी

"किती पट्टे गं आज?"

मित्रांनो, ही हाक मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा माझ्या अंगावरचा रंगही पुरता वाळला नव्हता. मी एक जुनी बर्फ मोजायची काठी आहे. डोंगरउतारावर हवामानाच्या नोंदी ठेवायची एक खोली आहे, तिच्या मागे मी उभी असते. हाक होती आत्याची. ती वरच्या वस्तीत, झऱ्याला लागून राहते, आणि तिचा गळा असा की दरीपलीकडचे कावळे उडावेत.

मला घडवलं तिच्या धाकट्या भावानं, सुतारानं. त्यानं सरळसोट लाकूड निवडलं, रंधा मारला, तेल पाजलं आणि वर एकाआड एक दहा पट्टे रंगवले. तांबडा, पांढरा, तांबडा, पांढरा. पट्टा एक वीत रुंद, आणि खाली जमिनीत रोवायला कोरा पाय. मला उभी करताना तो म्हणाला, "ताठ राहा हं बाई. माझ्या लेकीची नोकरी तुझ्या जिवावर आहे."

लेक म्हणजे नोंदी ठेवणारी ताई. ताई बर्फ कधी तुडवायची नाही. खिडकीतूनच दुर्बिणीनं माझे उघडे पट्टे मोजायची आणि दहातून वजा करायची. चार दिसले, म्हणजे सहा बर्फात. मग खिडकी उघडून ओरडायची, "सहा, आत्या!"

"मग झऱ्याची चंगळ!" वरून उत्तर यायचं, आणि दोघींचं हसू उतारावरून घरंगळत यायचं. काय सुखाचे दिवस होते ते! माझ्या डोक्यावर बर्फाची टोपी, गळ्याशी ऊन, आणि पायाशी थेंबथेंब मुरणारं पाणी.

त्या मुरणाऱ्या पाण्यानंच माझा पाय कुजला. अकरा वर्षांपूर्वी पानगळीच्या दिवसांत सुतार गुपचूप आला. ताई परगावी होती. त्यानं कुजका पाय करवतीनं उडवला आणि माझा सर्वांत खालचा तांबडा पट्टाच जमिनीत गाडला. "एका पट्ट्यानं काय होतंय," असं पुटपुटला आणि निघून गेला. भोवती गुडघाभर गवत होतं. ते सुकून आडवं होईतो बर्फ आलेला असायचा, आणि बर्फ विरेतो नवं गवत. कुणाला कळणार?

पण तेव्हापासून खरा बर्फ पाच पट्टे पडला, तरी वहीत सहाची नोंद होऊ लागली. मी काय करणार! झरा मात्र बारीक होत गेला. त्याच झऱ्यावर जगणाऱ्या खालच्या वस्तीत कुजबुज सुरू झाली, की बर्फ तर वहीप्रमाणे जवळजवळ तेवढाच आहे, मग पाणी जातं कुठं? सगळ्यांची बोटं आत्याच्या झऱ्यालगतच्या टाकीकडे वळली. कुणी तोंडावर 'पाणीचोर' म्हणालं. आत्यानं खाली येणं सोडलं. सकाळची हाक बंद झाली.

आणि यंदा बर्फ पडलाच नाही. ऐन हिवाळ्यात डोंगर कोरडाठाक, झऱ्याला करंगळीएवढी धार. परवा सकाळी खालच्या वस्तीतला गिरणीवाला भलंमोठं कुलूप घेऊन आला, मागे निम्मी वस्ती. ताईची वही पुराव्याला घ्यायची आणि आत्याच्या टाकीला कुलूप ठोकायचं, असा बेत होता. सुतारही होता, सगळ्यांच्या मागे. तेवढ्यात आत्याच खाली उतरली.

"बघू रे कुलूप," ती म्हणाली. "अगंबाई! टाकीपेक्षा कुलूपच मोठं!"

गिरणीवाल्यालाही हसू आवरेना.

आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं माझ्याभोवतीचं सुकलं गवत आडवं झालं होतं. ताईनं त्या दिवसाची नोंद करायला सवयीनं पट्टे मोजले आणि तिचा पेन थांबला. ती धावत बाहेर आली, बोटानं एकेक पट्टा मोजला. "नऊ! बर्फ नाही, गवत नाही, तरी नऊच! म्हणजे वहीप्रमाणे आत्ता इथं वीतभर बर्फ आहे!"

"कुठाय?" गिरणीवाल्यानं बूट उचलून खाली पाहिलं. असा हशा पिकला, की मीसुद्धा हलले.

ताई खाली बसली, जुनी पानं उलटत गेली. "वही दर वर्षी एक पट्टा फुगवून सांगत आली. बर्फच घटलाय. ओले वारे हल्ली वाट बदलून दूरच्या डोंगरांवर रिते होतात. जे येतात, त्यांना इथं थंडीच पुरत नाही, मग बर्फाऐवजी पाऊस पडतो. बर्फ सावकाश मुरतो, पाऊस धावत सुटतो. झऱ्याला मिळणार काय? आत्याच्या टाकीचा यात काही संबंध नाही."

गिरणीवाल्यानं कुलूप खिशात घालायचा प्रयत्न केला, मावेना. शेवटी ते पाठीमागे धरून म्हणाला, "चुकलो, आत्या."

"पण काठी खचली कशी?" कुणीतरी विचारलं.

"उधईनं पाय खाल्ला असेल बिचारीचा," आत्याच म्हणाली. सगळ्यांना पटलं. लोक निघूही लागले.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्या वस्तूंना वाचा नसते. जिथं उभं कराल, तिथूनच आम्ही सांगतो. आमची डागडुजी जरूर करा, पण चारचौघांना सांगून करा. आमच्या अंगावरचा एक पट्टा लपला, की कुठंतरी एखाद्या माणसाचं नाव खराब होतं. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटत होतं, आणि लाकडाला घसा नव्हता.

सुतार गर्दीतून वाट काढत पुढं आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं छातीशी धरली.

"उधई नाही, अक्का," तो म्हणाला. "करवत माझी होती. लोक तुला चोर म्हणत होते, तेव्हा मला या काठीचाच संशय आला होता. आणि मी खाली मान घालून रंधा मारत बसलो."