शिरोरेघेवरचं इंजिन

मी बोलतोय, पूर्णा गावातल्या सत्यशीलाच्या घरातला संगणक. स्वतःला संगणक म्हणवून घेताना जरा संकोच वाटतो, कारण जन्माने मी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. परभणीच्या एका पार्लरमध्ये पोरांनी माझी बटणं झिजवली आणि मालकाने मला भंगारात काढलं.

सत्यशीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करते. तिने मला भंगारातून उचललं, जळका भाग बदलला, जुना कीबोर्ड जोडला आणि आज्ञा लिहिता येतील अशी कॅसेट माझ्यात बसवली. एक खोड मात्र गेली नाही. लाईट गेली की शिकवलेलं सगळं मी विसरतो. कानावर पडलेलं तेवढं राहतं.

हा खटाटोप तिने वडिलांसाठी केला. दत्तराव रेल्वेत रुळांचे सांधे बदलायचे. निवृत्तीनंतर, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, असं सगळे समजावत होते.

"अंगठा न्हाई," ते जड जिभेने म्हणाले. "माझ्या बापानं जलमभर अंगठाच दिला. मी शाळा शिकलो ते कशाला, माय?"

मग सत्यशीलाने माझ्यासाठी एक खेळ लिहिला. पडद्यावर 'दत्तराव' ही अक्षरं म्हणजे रूळ. शिरोरेघ मेन लाईन, खाली उतरणाऱ्या रेघा फाटे. त्यावरून एक ठिपक्याएवढं इंजिन चालवायचं. माझी बारीक बटणं त्यांच्या डाव्या हाताला दाबवेनात, म्हणून आईच्या, सरजाबाईंच्या, मोडक्या लाटण्याची मूठ तिने मला लावली. इंजिन रेघेबाहेर गेलं की मी शिट्टी मारायचो.

"म्हातारपणी खेळायलेत बघा, लेकरावानी!" सरजाबाई चुलीपासून हसायच्या.

दत्तराव हसत नसत. 'त्त'च्या वळणावर गाडी रोज घसरायची. लाईट गेली की सत्यशीला वहीतून सगळा खेळ पुन्हा टाईप करायची आणि ते पुन्हा 'द'पासून निघायचे. दिवाळीपर्यंत त्यांनी मूठ सोडून खडू धरला.

बँकेतली हकिकत सत्यशीलाने घरी येऊन सांगितली. किशनराव कारकुनांनी जुनं कार्ड काढलं. "काका, सही जुळंना. अंगठा द्या की." दत्तरावांनी शाईचा डबा बाजूला सारला, आणखी दोनदा सही केली. किशनराव तिन्ही सह्या बघत राहिले. "वाकड्या हायत, पण तिन्ही एकसारख्या हायत. हीच नवी सही लावतो." ते ऐकून मला फार अभिमान वाटला.

जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. त्या आनंदात वस्तीत भरलेल्या सभेच्या वहीत पहिली सही दत्तरावांची होती. पावसाळ्यात ते गेले.

माझ्यावर फडकं पडलं. वाटलं, संपलं माझं काम. काल मात्र सत्यशीला पेन्शनचे कागद घेऊन आईजवळ बसली. आता ती पेन्शन सरजाबाईंना मिळायची होती. अंगठ्याची जागा दाखवताच त्यांनी हात पदराखाली घेतला.

"त्यात माझं नाव लिव," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आज वहीचं कोरं पान उघडलं. 'सरजाबाई'चे रूळ टाकून झाले आहेत. त्यांच्या हातात त्यांच्याच लाटण्याची मूठ आहे, आणि इंजिन 'स'पाशी उभं आहे. माझं एवढंच मागणं आहे. आज लाईट जाऊ देऊ नका.