विहीणबाईंच्या खोलीतले दोरे

मुलाच्या लग्नानंतर वर्षभर टेलरबाईंनी सुनेला मनसोक्त हसून घेतलं होतं. सून युक्रेनियन बोलणारी. मराठी शिकताना 'माझा खुर्ची', 'मोठी टेबल' असं बिनदिक्कत ठोकून द्यायची, आणि टेलरबाई शिलाई मशीनवर मान घालून खांदे गदागदा हलवायच्या. आता एकसष्टाव्या वर्षी त्या स्वतःच वही उघडून बसल्या होत्या. हसण्याची पाळी सुनेची होती.

"आई, सोपं आहे. तुमच्यासारखंच तीन. तो, ती, ते. विन, वोना, वोनो."

"तीन असू देत गं. पण टेबल तो कसा झाला? जन्मभर ते होतं."

"आमच्याकडे तो."

"आणि कप?"

"कप ती."

"काय तरी एकेक," असं म्हणून टेलरबाईंनी ते वहीत उतरवलं.

हा सगळा खटाटोप विहीणबाईंसाठी होता. तिकडे लढाई पेटली, घर उरलं नाही, म्हणून लेकीने त्यांना इकडे आणलं त्याला तीन आठवडे झाले होते. बाई गोड. सकाळी लेक इस्पितळात ड्युटीला गेली आणि टेलरबाईंचा मुलगा कामावर गेला, की खाली दुकानात येऊन बसायच्या. बटणं लावायच्या, हात-शिलाई घालायच्या, तीही अशी बारीक की टाका शोधावा लागे. गिऱ्हाइकांचं ऐकून एक शब्द उचलला होता, 'ताई'. बाकी दिवसभर मिठाची गुळणी धरलेली. मोबाइलमधल्या भाषांतरवाल्या बाईचं नाव काढलं, की मान फिरवायच्या.

टेलरबाईंना मात्र त्यांच्या बुटांचा राग यायचा. घरभर पायात बूट. फरशी पुसून पुसून त्या टेकीला आल्या होत्या. शेवटी सुनेकडे कुरकुर केली, तर सून हातातलं काम ठेवून त्यांच्याजवळ बसली.

"आई, घर सोडून पळावं लागलं तेव्हापासून ती बूट काढतच नाही. बॅगही रिकामी केली नाही तिने. मावशीच्या मुलीकडे जाते म्हणते, दुसऱ्या गावाला. म्हणते, इथे मी कोणाशी बोलू?"

टेलरबाईंना आपल्या कुरकुरीची लाज वाटली. बायको गेलेल्या माणसांचे, नवरा गेलेल्या बायकांचे कपडे आयुष्यभर त्यांनी आतून-बाहेरून पाहिले होते. एकटेपण त्यांना कळत होतं. नवरा गेल्यापासून आठ वर्षं त्याही एकट्याच होत्या. या बाईने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि तेवढं सांगायलासुद्धा शब्द नव्हते.

वहीतलं डोक्यात राहीना, तेव्हा त्यांनी आपल्या धंद्याची युक्ती काढली. गुरुवारी विहीणबाई दूध आणायला गेल्या, तशा टेलरबाई तीन रिळं घेऊन त्यांच्या खोलीत शिरल्या. जो तो, त्याला निळा दोरा. जी ती, तिला लाल. जे ते, त्याला पांढरा. टेबल, दिवा, खुर्ची, कप, पलंग, आरसा, खिडकीची कडी, सगळ्यांना झटपट गाठी मारल्या. वही बघायची गरजच काय, सगळं पाठ आहे, अशा तोऱ्यात. मग दुकानात येऊन त्या खुशीत मशीन चालवू लागल्या.

तास झाला, विहीणबाई खाली येईनात. टेलरबाई वर गेल्या. दाराशी बॅग उभी होती, अंगात कोट चढवून विहीणबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या, आणि बॅगेच्या मुठीला हिरव्या दोऱ्याची गाठ होती. दुहेरी गाठ, टेलरबाईंनीच शिकवलेली.

दुकानात काम पूर्ण झालं, की कपड्याच्या काजात दोऱ्याची गाठ पडते. ज्या दिवशी न्यायचा त्या दिवसाचा रंग, गुरुवारचा हिरवा. गाठ मारलेला कपडा म्हणजे निघालेला कपडा. त्याचं इथलं काम संपलं. तीन आठवडे विहीणबाईंनी स्वतःच्या हातांनी अशा शेकडो गाठी मारल्या होत्या. आणि दूध घेऊन येऊन पाहतात तर त्यांच्या पलंगाला गाठ, कपाला गाठ, खुर्चीला गाठ. बाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

टेलरबाई झटकन पुढे झाल्या. "अहो, तसं नाही हो," त्या म्हणाल्या, पण ते मराठीत. सुनेचा फोन ड्युटीवर बंद. त्यांनी सरळ विहीणबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना खोलीत ओढत नेलं.

टेबलाच्या निळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "स्तिल. विन."

"लांपा," दिव्याचा लाल दोरा. "वोना." मग घाईघाईने खिडकीचा लाल दोरा. "विक्नो. वोना."

विहीणबाई खिडकीकडे गेल्या, त्यांनी लाल दोरा बोटावर घेतला, मग टेबलाच्या निळ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू सैल झालं.

"नि," त्या नकारार्थी मान हलवून हलकेच म्हणाल्या. "वोनो." आणि लाल गाठ सोडून हात पुढे केला.

टेलरबाईंनी पदराआडून पांढरं रीळ काढून दिलं. खिडकी पांढरी झाली. मग आरसा. मग पलंग. निळ्या कपाकडे बघून तर विहीणबाईंना हसूच आवरेना, आणि हसता हसता त्या पलंगावर बसून रडायला लागल्या. टेलरबाईही शेजारी बसून रडल्या. सातातले चार चुकले होते, हेही एक निमित्त होतं.

मग त्या उठल्या, गळ्यातली छोटी कात्री घेतली आणि बॅगेचा हिरवा दोरा कापून टाकला.

"हिला नको," त्या म्हणाल्या. "ही घरचीच."

शब्द विहीणबाईंना कळले नसतील. त्यांनी बॅगेची चेन उघडली. कपड्यांच्या तळाशी हात घालून कापडी सपाता काढल्या, टाचेला झिजलेल्या. मग वाकून त्या एकेक बुटाचा बंद सोडू लागल्या. डाव्याची गाठ घट्ट बसली होती, तेव्हा टेलरबाई खाली बसल्या आणि त्यांनी ती सोडवली.