सदतीस ठिपके

"इथे सही करा काकू, म्हणजे झालं," टूर मॅनेजर म्हणाले आणि कागदाखाली त्यांनी आपली वही धरली, काकूंना लिहायला सोपं जावं म्हणून. माणूस वाईट नाही. हातात सतत पिवळा झेंडा असतो, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना झेंडेसाहेब म्हणते, एवढंच.

"काय लिहिलंय यात?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो. मी स्वखुशीने बसमध्ये थांबत आहे, बस."

"स्वखुशीने?"

"म्हणजे... कुणी जबरदस्ती केली नाही, असं."

"मग जबरदस्तीने थांबणाऱ्यांचा कागद वेगळा असतो का?"

बसमधले दोघंतिघं हसले. झेंडेसाहेबही हसले, पण घड्याळाकडे बघून. खिडकीबाहेर कडा होता, कड्यावर जुनं दीपगृह, आणि तिथवर जायला दगडात खोदलेल्या तीनशे बारा पायऱ्या. उतरायची वाट वेगळी, मागच्या अंगाने. चढणं, बघणं, उतरणं, सगळ्याला मिळून दीड तास. कारण साडेबाराची बोट कुणासाठी थांबत नाही. काकूंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले.

"मी फोटो काढून आणतो ना तुमच्यासाठी, काकू," मोठ्या कॅमेऱ्याचे गृहस्थ म्हणाले. "अगदी तिथे गेल्यासारखं वाटेल बघा."

"तुम्हाला जेवणाचे फोटो पाठवले तर पोट भरतं का हो तुमचं?" काकू म्हणाल्या. पण पस्तीस माणसं खोळंबली होती, म्हणून त्यांनी सही केली. कागद फाटेल की काय, इतकं पेन दाबून केली.

मी नेहमीप्रमाणे पाठीवर पिशवी अडकवली. माझं काम सगळ्यांच्या शेवटी चालायचं. झेंडा पुढे, मी मागे, मधे माणसं. कुणी दुकानात रेंगाळलं, कुणाची चप्पल तुटली, कुणाचं नवऱ्याशी वाजलं आणि ती फुरंगटून बाकावर बसली, की तिला उठवून आणायची मी. एकोणीस वर्षं हेच केलं. सगळे मला शेवटच्या ताई म्हणतात. निम्मं जग फिरले म्हणतात मी, आणि खोटं नाही ते. पण मला विचाराल तर राजवाड्यातली चित्रं मला सांगता येणार नाहीत. तिथला कठडा कुठे हलतो ते सांगेन. बर्फाच्या डोंगरावर बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग किती, कुठल्या मनोऱ्यात लिफ्ट अर्ध्यातच सोडते, कुठल्या बागेत सावलीतला बाक एकच आहे, हे सगळं पाठ आहे. शेवटचा माणूस पोचेपर्यंत पुढचे निघालेले असतात. त्यांच्यामागून मला निघावं लागतं.

"ताई, तुम्ही काकूंपाशी थांबा," झेंडेसाहेब म्हणाले. "आज मागे कुणी नको. हे आहे ना." त्यांनी फोन वर करून दाखवला.

ही या मोसमातली नवी गंमत होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला आणि साहेबांच्या फोनमध्ये प्रत्येकाचा एक ठिपका. पाहुण्यांचे छत्तीस आणि माझा सदतिसावा. कोण कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. पुढच्या मोसमापासून शेवटी चालणारी बाई नको, असं कंपनीने ठरवलं होतं. मला ऑफिसात फोनपाशी जागा देऊ म्हणाले होते; पण अट अशी की ही टूर एकाही तक्रारीशिवाय पार पडली पाहिजे. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार? घरी आजारी बहीण. मी मान डोलावली आणि बसले.

पिवळा झेंडा पायऱ्यांकडे गेला. पस्तीस पाठी त्याच्यामागून गेल्या आणि शेवटी कुणीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ जशी पुन्हापुन्हा तिथे जाते, तशी माझी नजर त्या शेवटच्या जागेवर जात होती.

ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरला. बसमध्ये आम्ही दोघीच, मागच्या लांब सीटवर. काकूंना पाय लांब करता यावेत म्हणून मीच त्यांना दुसऱ्या दिवसापासून तिथे आणलं होतं.

"तू याआधी आली असशील इथे," काकू म्हणाल्या.

"सहा वेळा."

"कसं आहे वर?"

मी विचार करू लागले. "वर पोचलं की उजवीकडे पाण्याचा नळ आहे. आणि एक पायरी मोठी आहे, तिथे सगळे ठेचकाळतात."

"नळ नको सांगूस गं. समोर काय दिसतं?"

मला आठवेना. सहाही वेळा मी वर पोचले होते, आणि सहाही वेळा कुणाला तरी धाप लागली होती.

काकूंनी थोडा वेळ गुडघे चोळले. "एक्केचाळीस वर्षं इस्त्री केली मी," त्या म्हणाल्या. "टेबल भिंतीला लागून. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. लोक प्रवासाला निघायचे तेव्हा कपड्यांचे गठ्ठे माझ्याकडे. उद्या सकाळचं विमान, काकू, आजच द्या. परत आले की विचारायचे मी, काय पाहिलंत? तर म्हणायचे, काकू, सांगून कळायचं नाही, ते बघायलाच हवं. सगळ्यांचं तेच. एकाने म्हणून धड सांगितलं नाही." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "एक्केचाळीस वर्षं उभी राहिले. आता बघायला आले, तर हे म्हणतात, बसा."

मी गळ्यातला बिल्ला काढला. का काढला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. सीटवर ठेवला.

"काकू, तुमचा द्या."

"कशाला?"

"हे दोघे बसतील बसमध्ये स्वखुशीने. आपण जाऊ."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या एकदम सोळा वर्षांच्या दिसल्या. बिल्ला काढून त्यांनी माझ्या बिल्ल्याशेजारी नीट ठेवला, वर आपली शाल पसरली. "थंडी वाजेल त्यांना," म्हणाल्या.

"चांगला पाय आधी वर," पहिल्या पायरीशी मी सांगितलं. "दुखरा मागून आणायचा."

"दोन्ही दुखरे असले तर?"

"मग जो कमी बोंबलतो तो आधी."

गुडघे दुखणाऱ्या माणसाचा हात धरून ओढायचं नसतं. एक पायरी मागे राहायचं आणि तळहात कमरेमागे धरायचा, न टेकवता. पडणार नाही हे त्याला कळावं, पण आपण आहोत असं वाटू नये. दहा पायऱ्या चढायच्या, तीस आकडे मोजायचे, पुन्हा दहा. परक्या टोळ्या आमच्या बाजूने भराभर वर जात होत्या. एका बाईने थांबून विचारलं, "आजी, जमेल का?"

"तुम्ही व्हा पुढे," काकू म्हणाल्या, "मी पायऱ्या तपासत तपासत येतेय."

एकशेचाळिसाव्या पायरीपाशी बाक आहे, तिथे आम्ही चांगली पंधरा मिनिटं बसलो. मी घड्याळ पाहिलं. दीड तासातली पंचेचाळीस मिनिटं तिथेच संपली होती. मंडळी आता थोड्याच वेळात मागच्या वाटेने उतरायला लागणार. मी घड्याळ बाहीखाली ढकललं.

दोनशेव्या पायरीवर काकूंचा उजवा गुडघा एकाएकी गेला. मी मागे होते म्हणून त्या माझ्यावर बसल्या आणि आम्ही दोघी पायरीवर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घाम. काय करून बसले मी! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हिचं काही झालं तर?

"काकू, पुरे. उतरू या हळूहळू."

त्या डोळे मिटून श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली किती?"

"दोनशे."

"आणि वर?"

"एकशे बारा."

"मग वरच जवळ आहे की गं."

मी पिशवीतून पट्टा काढून गुडघ्याला करकचून बांधला, पाणी पाजलं. त्यानंतर आम्ही दहाच्या पाच पायऱ्या केल्या, शेवटी शेवटी दोन. मोठी पायरी आली तेव्हा मी म्हटलं, "इथे सगळे ठेचकाळतात." त्यावर काकू तिच्यावर आधी बसल्या, मग पाय वर घेतले, मग उठल्या. "तुझ्या सगळ्यांना सांग," म्हणाल्या, "अक्कल वापरली तर कुणी ठेचकाळत नाही."

वर वारा होता. कठड्यालगत दगडी ओटा होता, त्यावर काकू बसल्या. समोर समुद्र. नुसता समुद्र, नजर जाईल तिथपर्यंत, आणि वाऱ्याने त्याच्यावर बारीक बारीक चुण्या पडलेल्या. मधूनच एखादी लांब घडी इकडून निघायची आणि तिकडे विरून जायची.

काकू म्हणाल्या, "केवढं चुरगळलंय!" थोड्या वेळाने म्हणाल्या, "असू दे. छान दिसतंय."

मीही बसले. माझ्या मागे कुणी धापा टाकत नव्हतं. अजून दोन मिनिटं, अजून दोन मिनिटं, करत मी तशीच बसले.

खालून बसच्या इंजिनाचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आमचीच बस. आगपेटीएवढी दिसत होती. ती वळली, रस्त्याला लागली आणि चालली.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "आपण गेलो वाटतं."

मी फोन बाहेर काढला. बस अजून दिसत होती, एका फोनात थांबली असती. मी काकूंकडे पाहिलं. त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या होत्या. बसची काळजी करायचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

सात-आठ मिनिटांनी तो वाजला.

"ताई," झेंडेसाहेब म्हणाले, "मागच्या सीटखाली पाण्याचा खोका आहे, त्यातल्या बाटल्या जरा पुढे पाठवता का?"

"मी मागच्या सीटवर नाहीये."

"मग कुठे बसलात?"

"दीपगृहापाशी."

"थट्टा नको हो ताई. इथे सदतीस ठिपके दिसताहेत मला."

"मग सगळे आहेत की."

"काकू कुठे आहेत?"

"समुद्र बघताहेत. बोलायचंय का त्यांच्याशी?"

फोन बंद झाला. काकू इतक्या हसल्या की त्यांना गुडघा धरावा लागला.

बस परत आली. झेंडेसाहेब पायऱ्या चढून वर आले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. झेंडा खालीच राहिला होता, आणि त्याच्याशिवाय ते अगदीच कुणाचा तरी भाऊ वाटत होते. आधी त्यांनी काकूंना नखशिखांत न्याहाळलं. त्या धड आहेत हे पाहिल्यावर मग चिडले.

"बोट गेली! पस्तीस लोक भांडताहेत माझ्याशी. यांना वर काही झालं असतं तर? काय उत्तर दिलं असतं मी?"

"झालं असतं तर चूक माझी असती," मी म्हटलं. "त्याबद्दल बोला, ऐकून घेते. पण माणसं न मोजता बस हलवलीत, ती चूक तुमची."

"ठिपके पूर्ण होते!"

"ठिपक्यांना गुडघे नसतात, साहेब."

ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, आता तक्रारी जाणार. ऑफिसातली जागा... मला काही करता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग कशाला केलंत हे?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "अरे, तिला कशाला रागावतोस? मी आले माझ्या पायांनी. लिही कागद. स्वखुशीने वर गेले असा लिही, वाटेल तेवढ्या सह्या करते." आणि त्यांनी हात पुढे केला. "चल, उठव मला. बोट गेली ना? मग आता कसली घाई."

झेंडेसाहेबांनी हात धरून ओढायला सुरुवात केली.

"ओढू नका," मी म्हटलं. "उतरताना तुम्ही एक पायरी पुढे, तोंड त्यांच्याकडे. दुखरा पाय आधी खाली. दहा झाल्या की थांबायचं. त्या म्हणतील मी ठीक आहे, तरी थांबायचं."

"दहा." त्यांनी मान हलवली. गर्दी ओसरली होती, म्हणून दोघं चढायच्याच पायऱ्यांनी उतरायला निघाली. मोठ्या पायरीपाशी ते स्वतःच ठेचकाळले, सावरले, आणि खाली उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर धरले. काकू आधी बसल्या, मग पाय सोडले, मग त्यांच्या हातांत उतरल्या.

"तुम्ही येताय ना, ताई?" त्यांनी खालून विचारलं.

"व्हा पुढे."

दोघं वळणाआड गेली. थोडा वेळ काकूंचा आवाज ऐकू येत होता, "अरे थांब, दहा झाल्या ना," आणि मग तोही नाही. माझे पाय सवयीने उठायला निघाले होते. मी त्यांना बसवून ठेवलं.

खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी उठले, पिशवी ओट्यावरच ठेवली आणि दीपगृहाला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूचा समुद्र मी अजून पाहिला नव्हता.