खऱ्या सगळ्या कोनाड्यात

सेटवर मला सगळे वहीबाई म्हणतात. सिनेमाचे तुकडे उलटसुलट काढतात. आज दार उघडलं, तर आत शिरण्याचा तुकडा पंधरा दिवसांनी. मधल्या काळात नटाची बाही दुमडलेली होती की सोडलेली, मेणबत्ती किती जळली होती, हे कुणाला तरी लक्षात ठेवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. फोटो काढायचा, वहीत चिकटवायचा, खाली लिहायचं. अठरा वर्षं हेच करतेय. माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी आपलं त्या दिवसापर्यंत म्हणत होते.

सिनेमा होता गुप्तहेराचा. इजिप्तमधलं जुनं थडगं, त्यात राजाबरोबर पुरलेल्या नोकर-बाहुल्या, त्यातली निळी बाहुली चोरीला जाते, दोन खून पडतात आणि शेवटी टोपीवाला गुप्तहेर सगळ्यांना थडग्यात जमवून चोराकडे बोट दाखवतो. थडगं आम्ही एका गोदामात उभं केलं होतं, प्लायवूडचं. कोनाड्यात बारा बाहुल्या. त्या प्लास्टरच्या, माझ्या दादाने केलेल्या.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. सेटवरचं सगळं सामान त्याच्या ताब्यात. साच्यातून बाहुल्या काढून तो त्या निळ्या रंगवायचा, मग त्या रंगारीबुवांकडे जायच्या. बुवांचं काम वस्तू जुन्या करायचं. चहाचं पाणी, कोळशाची पूड, थोडी माती आणि केस झडलेला एक ब्रश, बस्स. काल केलेली वस्तू बुवा तासाभरात तीन हजार वर्षांची करून द्यायचे. चकचकीत दिसेल ती वस्तू त्यांच्या लेखी खोटी. "आण इकडे, खोटीची खरी करतो," म्हणायचे. आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो.

आणि एक बाहुली होती खरोखरची, थडग्यातून निघालेली. एका वयस्कर बाईंच्या संग्रहातली. अगदी जवळून घ्यायच्या दोन शॉटसाठी त्यांनी ती एक दिवस दिली होती. वीतभर उंच, हाताला जड, निळीशार, आणि इतकी तुळतुळीत की कालच दुकानातून आणली म्हणून खपली असती. संध्याकाळी पाच वाजता बाई स्वतः ती न्यायला येणार होत्या.

तर जेवणाची सुट्टी संपली, मॅनेजरने लाकडी पेटी उघडली आणि आत नुसता कापूस.

"पेटी कुणाकडे होती?" उत्तर त्यालाही माहीत होतं. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

"पहिला शॉट झाल्यावर दुसऱ्यासाठी मी ती टेबलावर काढून ठेवली," दादा म्हणाला. "तेवढ्यात शवपेटीचं झाकण सरकवायला मला हाक मारली. परत आलो तर नव्हती."

"कधीची गोष्ट?"

"साडेअकराची."

"आणि आता वाजलेत दोन! मोठा दिवा उडाला, शॉट दुपारवर गेला, तेव्हा मी तुला विचारलं होतं. तू काय म्हणालास? पेटीत आहे म्हणालास!"

दादा खाली बघत उभा राहिला. ते खोटं मीही माझ्या कानांनी ऐकलं होतं. रिकाम्या पेटीचं झाकण लावतानाही मी त्याला पाहिलं होतं. तेव्हा मनात आलं होतं, आत बाहुली तर ठेवली नाही, मग नुसतंच झाकण का लावतोय? पाल चुकचुकली होती. मी तिला गप्प बसवलं.

गप्प का बसवलं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सेटवरून टेबलावरचं घड्याळ नाहीसं झालं होतं. ते दादाच्या ताब्यात होतं. पुरावा काहीच नव्हता, तरी त्याला काढून टाकलं. दीड वर्ष कुणी त्याला दारात उभं केलं नाही. या सिनेमात मी शब्द टाकला, "माझ्या जबाबदारीवर घ्या," म्हणाले, तेव्हा कुठे तो आला. पण ते घड्याळ त्याने घेतलं होतं का, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही. उत्तराची भीती वाटायची.

"आधी घड्याळ, आता बाहुली," मॅनेजर म्हणाला. "पाचपर्यंत मिळाली नाही तर पोलीस. आणि तू परत कुठल्या सेटवर पाय ठेवून दाखव!"

झालं! गोदामभर कुजबुज सुरू झाली. त्यात आमच्या नायकाला जोर चढला. हा मेला जेवतानासुद्धा गुप्तहेराची टोपी काढत नसे. भिंग घेऊन टेबलाखाली शिरला, बाहेर आला आणि नाक वर करून म्हणाला, "चोर आपल्यातलाच आहे."

"आपल्यातलाच असणार," मी म्हटलं, "बाहेर पहारेकरी आहे. एवढ्यासाठी गुडघे मळवलेत होय?"

तरीही त्याने एकेकाला गाठून विचारपूस केली. बुवा टेबलाजवळच बसलेले असतात म्हणून त्यांना दोनदा विचारलं.

"खरी बाहुली पाहिलीत का, बुवा?"

"खऱ्या सगळ्या कोनाड्यात आहेत की," बुवा ब्रश धुता धुता म्हणाले.

"अहो, खरी, खरी!"

"मग मी काय सांगतोय?"

नायकाने कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणून सगळे पुढे गेले. मीही गेले.

मॅनेजरने दादाला ऑफिसात बोलावलं. सामानाच्या खोलीत कुणी नव्हतं. दादाची कापडी पिशवी खुंटीला होती. मी दार लोटलं आणि पिशवी खाली घेतली. स्वतःला सांगत होते, मी शोधते म्हणजे बाकीच्यांना शोधू द्यायला नको. बहाणा, दुसरं काय! माझा संशय होता. माझ्या सख्ख्या भावावर, ज्याने मला सायकल शिकवली आणि मी फोडलेल्या काचेचा आळ स्वतःवर घेतला, त्याच्यावर.

डबा, पाण्याची बाटली, टॉवेल. टॉवेलच्या आत काहीतरी कडक लागलं. उलगडलं तर निळी बाहुली.

"दादा, दादा, काय केलंस हे," असं मी मोठ्याने म्हटलं असावं. मग लक्षात आलं, हाताला वजनच नाही. मान मोडून परत चिकटवलेली, पाठीवर साच्याची रेघ. प्लास्टरची, वाया गेलेली. तळाला पेन्सिलीने त्याच्या लेकीचं लाडाचं नाव. पोरीसाठी घेऊन चालला होता.

मला रडू आलं आणि रागही आला. त्याचा, माझा, त्या टोपीवाल्याचा, सगळ्यांचाच. घाईघाईने सगळं आत कोंबलं, बंदांची गाठ मारली, पिशवी खुंटीला लावली आणि बाहेर आले. पण संशय तिथेच संपला म्हणाल, तर नाही. पिशवीत नाही म्हणजे दुसरीकडे लपवली असेल, असंही मनात येऊन गेलं. आता कबूल करते.

चार वाजले. मॅनेजर म्हणाला, तोवर निदान कोनाड्याचा शॉट उरकून घ्या. म्हणजे मला माझं काम. कोनाड्याचा फोटो काढला आणि वहीतल्या सकाळच्या फोटोशेजारी धरला. बाहुल्यांची तोंडं, त्यांच्यातलं अंतर, सावल्या, सगळं ताडून बघायचं असतं. अंतर चुकलं होतं. सकाळी दोन बाहुल्यांमध्ये चार बोटं जागा होती, आता तीन. कुणी हलवल्या, म्हणून मी तणतणले आणि मोजायला लागले.

तेरा.

परत मोजल्या. तेराच. अख्खं गोदाम दुपारपासून एक कमी झाली म्हणून शोधत होतं. एक जास्त झालीय, हे बघणार कोण?

आणि तेव्हा बुवांचं बोलणं डोक्यात शिरलं.

मी जोडे काढून थडग्यात चढले. "वहीबाई, शॉट!" असं कुणीतरी ओरडलं. "थांब रे!" मी म्हटलं. एकेक बाहुली उचलत गेले. हलकी, हलकी, हलकी. डावीकडून चौथी उचलली, तर हात एकदम खाली गेला. गार आणि जड. रुमाल ओला करून तिचा गाल पुसला. चहाचं पाणी निघालं आणि खालून निळा रंग चमकला.

"बुवा, ही तुम्ही केलीत?"

"मग कोण करणार? तुझ्या भावाने एक खोटीच ठेवली होती टेबलावर. चकचकीत! कॅमेऱ्याने पकडली असती की. मी खरी केली आणि रांगेत लावली."

"बुवा, ती खरी होती हो!"

"आता आहे," बुवा ठामपणे म्हणाले. "आधी नव्हती."

मग लाइटवाला हसला आणि त्याच्या मागोमाग सगळं गोदाम. नायकाने चोराकडे बोट दाखवायची सवय म्हणून बोट उचललं होतं, ते तसंच टोपीकडे नेलं. माझा जीव भांड्यात पडला. बाहुली कापसावर ठेवून मी मॅनेजरच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता माफी मागा त्याची. इथेच, सगळ्यांसमोर." त्याने मागितली, पुटपुटत का होईना. पाचला बाई आल्या. त्यांनी बाहुली खिडकीपाशी नेऊन बघितली, कानामागे राहिलेली पूड स्वतःच्या रुमालाने टिपली आणि आजची गंमत ऐकून बुवांना बघायला थडग्यापर्यंत गेल्या.

मी धावतच सामानाच्या खोलीत गेले. दादा पिशवी खांद्याला लावत होता.

"बघितलंस?" मी म्हटलं. "कसं शोधून काढलं! त्या मॅनेजरचं तोंड कसं झालं होतं!"

"बघितलं."

"मग हस की जरा! आणि पेटीत आहे म्हणून खोटं कशाला बोललास?"

"घाबरलो होतो. नाही म्हटलं असतं तर लगेच घड्याळाचा विषय काढला असता त्यांनी. वाटलं, सुट्टीत शोधू गुपचूप." त्याने पिशवी पुढे घेतली आणि बंदांवर बोट ठेवलं. "मी गाठ डावीकडे मारतो. सकाळी डावीकडे होती."

गाठ उजवीकडे होती.

"तुझ्या वहीत नसेल," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

लाज वाटत होती, इतकी की त्याच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "दादा, ते घड्याळ..."

"नव्हतं घेतलं." त्याने दिव्याचं बटण बंद केलं. "बाकीच्यांनी विचारलं, त्यांना सांगितलं. त्यांनी नाही मानलं, ते जाऊ दे. तू कधीतरी विचारशील म्हणून दोन वर्षं थांबलो होतो."

"चुकलं माझं, दादा. खरंच चुकलं."

तो दारापर्यंत गेला. मी जन्मले तेव्हापासून तो मला चिमी म्हणतो. आईबाबा नाव घेऊन हाक मारायचे, पण दादा कधीच नाही. माझ्या लग्नातसुद्धा सगळ्यांसमोर चिमीच. दारात तो थांबला, वळला.

"उद्या किती वाजता यायचंय, वहीबाई?"

"आठ," मी म्हटलं.