बायकोच्या हातचं
ओलोनं बायकोच्या हातचं जेवण सोडलं, त्याला आज एकवीस दिवस झाले. त्याच्या बायकोनं, आलुओचनं, ते बोटांवर मोजले होते. मोजणार नाही तर काय! किसुमू बंदराच्या धक्क्यावर सिमेंटची पोती वाहणारा धिप्पाड गडी, एका बैठकीत अर्धं पातेलं फस्त करणारा, आणि आता मक्याच्या उगालीचे दोन घास कोरडेच गिळून म्हणतो, "पोट भरलंय."

"कुठं भरलं?"

"धक्क्यावर."

धक्क्यावर म्हणजे त्या खानावळवाल्या रोझलिडाकडं, दुसरं कुठं! आलुओच भर दुपारी तिथं जाऊन धडकली. रोझलिडा हसलीच. "तुझा नवरा? महिनाभर फिरकला नाही बाई. तिकडं पोत्यांआड उकडलेली रताळी खात बसतो, एकटाच."

दुसरी बाई असती, तर तिच्या झिंज्या उपटून मोकळी झाली असती. पण घरचं ताट टाळून गडी लपूनछपून खातो, याचा अर्थ आपल्या लोकांत एकच. बायको अन्नात काहीतरी कालवते, असा त्याला संशय आहे. हे एकदा तोंडातोंडी झालं की बाईला माहेरची वाट धरावी लागते, आणि माहेरातही कुणी तिच्या हातचं खात नाही.

रविवारी तिनं आपणहून नवऱ्याच्या चुलत्याला, ओगुतूकाकांना बोलावलं. काकांनी रीतीप्रमाणं निवाडा दिला. "माझ्यादेखत तिच्या हातचं खा. खाल्लंस तर तिच्यावर आळ नाही. नाही खाल्लंस तर कारण सांग."

 

आलुओचनं वाळलेली मासळी रांधली होती, त्याला आवडते तशी, मीठ-मसाल्याला हात सैल सोडून. ओलोनं हात धुतले आणि ताट पुसून खाल्लं. तिला रडूच फुटलं. अहो, एवढं सोपं होतं तर तीन आठवडे का छळलंत!

"झालं!" मांडीवर थाप मारून काका म्हणाले. "आणखी वाढ, सेमेकडच्या लेकी. पोटभर खाऊ दे त्याला." आणि ते पाणी प्यायला लागले.

ती वाढायला वाकली तसा ओलो तिच्या कानाशी पुटपुटला, "थोडंच वाढ गं. बीपीनं किडनी खराब झालीय. डॉक्टरनं मीठ तोडलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"हळू बोल. मुकादमाच्या कानावर गेलं तर उद्यापासून पोतं मिळणार नाही. मग पोरं काय खाणार?"

काकांनी भांडं खाली ठेवलं. "थांबलीस का? वाढ की!" त्यांचा आवाज बदलला होता.

आलुओचनं पातेलं उचललं, दारात गेली आणि सगळी मासळी अंगणात ओतून टाकली. कोंबड्या धावल्या.

काका ताडकन उठले. "म्हणजे होतं तर काहीतरी त्यात!"

"होतं," ती म्हणाली. "मीठ होतं."